शिरगणतीची रात्र

म्हैसूरला बदलून आलेल्या मराठी माणसास दसऱ्याची ओळख कोणी करून द्यावी लागत नाही. नाताळची ओळख मात्र सावकाश होते. अशोक मार्गावरील संत फिलोमिना चर्चची पायाभरणी १९३३ साली नाल्वडी कृष्णराज वडियार यांच्या हस्ते झाली, आणि त्याचे १७५ फुटी जुळे मनोरे दुरूनच डोळ्यांत भरतात. डिसेंबरात तेथे येशूजन्माचा देखावा मांडतात. गवताचे छप्पर, गाय, गाढव, मेंढपाळ, तीन राजे आणि मध्ये गोदली, म्हणजे आपली गव्हाण. नवरात्रात घरोघर पायऱ्यांवर बाहुल्या मांडणाऱ्या या गावास हा देखावा परका वाटण्याचे कारणच नाही. आमच्या पहिल्या नेमणुकीतच आमच्या कुटुंबाने निकाल देऊन टाकला होता, "हे तर आपले गोकुळच की!" गुरे आहेत, गुराखी आहेत, मूल मारावयास टपलेला राजा आहे, आणखी काय हवे? त्या निकालाखाली आम्हीही सही करून मोकळे झालो होतो.

साम्य एकदा सापडले की पुढे पाहण्याचे श्रम कोण घेतो? आता दुसऱ्यांदा येथे आल्यावर, एका लांबलेल्या सुट्टीत, आम्ही लूकचे शुभवर्तमान मराठीत वाचावयास घेतले आणि दुसऱ्या अध्यायाच्या आरंभीच थबकलो. तेथे ना तारा, ना देवदूत. तेथे आहे सरकारी फर्मान! कैसर औगुस्ताने शिरगणतीचा हुकूम सोडला आहे. त्या वेळी सूरियाचा सुभेदार कोण होता त्याचे नाव दिले आहे. आणि ज्याने त्याने नाव नोंदविण्यासाठी आपापल्या मूळ गावी जावयाचे आहे. नासरेथचा सुतार योसेफ गरोदर मरियेला घेऊन बेथलेहेमास निघतो तो या हुकुमाची तामिली म्हणून. सरळ रेषेत मोजले तरी हे अंतर १०० किलोमीटरांहून अधिक भरते. प्रवासभत्त्याचा उल्लेख अर्थातच नाही.

गंमत अशी की देखाव्यातल्या निम्म्या गोष्टी लूकच्या कथेत नाहीत. गव्हाण आहे, पण गाय-गाढव नाही. उतारशाळेत जागा नव्हती एवढेच तो सांगतो, दार लावून घेणारा मालक आपण मनाने उभा केलेला. राजे मत्तयाकडून आलेले, आणि तेही राजे नव्हेत, ज्ञानी. ते तीनच होते असे मत्तय कोठे म्हणत नाही. संत फ्रान्सिसने १२२३ साली इटलीतील ग्रेच्चो या गावी गव्हाण मांडली, तेव्हा खरी गुरे आणून बांधली होती. इतिहासकारांची तक्रार आणखी वेगळी आहे. क्विरीनिय सुभेदाराची शिरगणती इसवी सन ६ मधली, आणि हेरोद राजा तर इसवी सनपूर्व ४ मध्येच वारलेला. लेखापरीक्षकाने लाल शाईने आक्षेप घ्यावा असाच हा मामला. आक्षेप आम्हांस मान्य आहे. पण त्यापायी कथा रद्द करावी असे वाटत नाही.

इतकी माणसे भाविकांनी भरीस घातली, पण नावे लिहून घेणारा कारकून देखाव्यात आम्हांस कोठे दिसला नाही. एका चित्रकारास मात्र तो आठवला. पीटर ब्रूगेलने १५६६ साली 'बेथलेहेमची शिरगणती' रंगविली ती आपल्याच मुलखातल्या, बर्फाने झाकलेल्या खेड्यात. खानावळीच्या खिडकीशी माणसांची झुंबड उडाली आहे, आत नोंदी चालू आहेत, आणि खांद्यावर करवत घेतलेला योसेफ गाढवावरील मरियेसह तिकडेच निघाला आहे. तिच्याकडे कोणाचेच लक्ष नाही. कारकुनाचे कसे असणार? त्याच्यापुढे गर्दी आहे.

ते चित्र पाहताना आम्हांस २०११ सालची २८ फेब्रुवारी आठवली. त्या वर्षीच्या जनगणनेत बेघरांची मोजणी त्या एका रात्री व्हावयाची होती, आणि येथील एका पथकाबरोबर आम्ही होतो. बंद दुकानाच्या ओट्यावर बांधकामावरील मजुराचे एक बिऱ्हाड निजले होते : नवरा, बायको, म्हातारी आई. नावे लिहून पथकातले कन्नड मास्तर उठणार, तोच बाईच्या पदराखाली काहीतरी हालले. मूल चार दिवसांचे होते. नाव विचारताच ती गोंधळली. नाव अजून ठेवलेच नव्हते, आणि बिननावाचे मूल सरकारास चालावयाचे नाही असे तिला वाटले असावे. ती नवऱ्याकडे पाही, सासूकडे पाही. तिघे मिळून त्या अंधारात घाईघाईने नाव शोधू लागली. "बेड अम्मा, बेड," मास्तर हलकेच म्हणाले. नको बाई, नको. नियम सोपा होता. १ मार्चचा पहिला ठोका पडण्यापूर्वी जन्मलेले प्रत्येक मूल मोजावयाचे, मग नाव असो वा नसो. त्यांनी वयाच्या रकान्यात शून्य लिहिले. बाईचा जीव भांड्यात पडला, आणि तिने पोर पुन्हा पदराखाली घेतले. त्या रात्री त्या बिऱ्हाडास आमच्याकडून मिळाले ते एवढेच.

सकाळी कचेरीत जाताना पाहिले, तर ओटा धुऊन दुकान उघडले होते. पुढे आकडे जाहीर झाले. देशातील बेघरांची संख्या १७ लाख ७३ हजार निघाली. त्यात त्या ओट्यावरची चार माणसे आहेत.