पायाखालचा दगड

आईने सातारच्या घरून आणलेला पाटा आमच्या फरीदाबादच्या फ्लॅटमध्ये, बाल्कनीत, भिंतीला टेकून उभा असतो. मधोमध झिजून खोलगट झालाय. टाकीच्या खुणा कडेलाच काय त्या उरल्यात. निजामुद्दीनच्या गाडीत तो लुगड्यात गुंडाळून बाकाखाली सरकवताना बाबा वैतागले होते, "अगं, अरवलीच्या पायथ्याशी राहायला चाललोय आपण. तिथं दगडांना काय तोटा?" आई काहीच बोलली नाही.

तिचं उत्तर मला सापडलं दिल्लीतल्या फिरोजशाह कोटल्यात. बाटा चौकात मेट्रोत बसलं की गाडी न बदलता दिल्ली गेटला उतरता येतं. हिरवळ ओलांडली की ओबडधोबड दगडांची, टप्प्याटप्प्याने निमुळती होत गेलेली इमारत, आणि तिच्या माथ्यावर अशोकाचा स्तंभ. सुमारे 13 मीटर उंच, एकसंध, अजून तुळतुळीत. तो मूळचा इथला नव्हे. आजच्या हरियाणातल्या टोपऱ्याहून फिरोजशाह तुघलकाने 14व्या शतकात तो आणवला. इतिहासकार शम्स-ए-सिराज अफीफने ती हकिगत लिहून ठेवलीय. खांबाभोवती सावरीचा कापूस रचला, बुंध्याची माती उकरली, तसा खांब अलगद कापसावर कलंडला. मग कापूस थोडाथोडा काढत त्याला जमिनीवर निजवला. बोरू आणि कच्च्या कातड्यात गुंडाळला. 42 चाकांचा गाडा, एकेका चाकाच्या दोराला 200 माणसं. पुढे यमुनेतून नावा.

या सगळ्या थाटात एक साधी नोंद आहे. पाया उकरताना खाली मोठा चौकोनी दगड लागला. तोही काढून घेतला. दिल्लीत काय चौकोनी दगडांची वाण होती? पण इतकी वर्षं ज्याच्यावर भार टाकला, त्याला मागे कसं ठेवायचं!

आमचं शहरही उपटून आणलेल्यांचंच. फाळणीनंतर बन्नू, डेरा इस्माईल खानकडून आलेल्या निर्वासितांनी इथलं एनआयटी, म्हणजे न्यू इंडस्ट्रियल टाउनशिप, वसवलं. त्यांच्याखाली कुणी कापूस अंथरला नव्हता. बन्नूची बोली तेवढी त्यांनी सोबत आणली. जुन्या माणसांच्या तोंडी ती अजून ऐकू येते.

आमच्या पाट्याला टाकी लावणारं मात्र इकडे कुणी भेटलं नाही. आता त्यावर ठेचा होत नाही. होळीला पुरण तेवढं वाटलं जातं.