मंजूची खतावणी

माझ्या कादंबरीमालिकेतली मंजू काळात मागेपुढे जाते आणि तिचा हिशेब मी वाण्याकडे असते तसल्या लाल खतावणीत ठेवतो. डाव्या रकान्यात जगाची तारीख, उजव्यात मंजूचं वय, दिवसांसकट. पहिल्या तीन पुस्तकांना उजवा रकाना नव्हताच.

तिसऱ्या पुस्तकात मंजू ११ जुलै १९६१ ला पुण्यात पोचते. पानशेत उद्या फुटणार हे तिला ठाऊक. धरणावर जवान वाळूची पोती रचताहेत. आणि सतरा वर्षांच्या पोरीचं ऐकतो कोण? बारा तारखेला पाणी आलं, ते तिनं गच्चीवरून पाहिलं. चौथं पुस्तक मी १९४८ मध्ये सुरू केलं. पहिल्याच पानावर मंजू मुठेच्या घाटावर पाण्यात पाय सोडून पेरू खात बसलेली. हस्तलिखित वाचून वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, ही परवाच पानशेतचं पाणी बघून आली ना? मग नदीकाठी बसवतं कसं हिला?"

मी तारखेला भुललो होतो. पूर यायला तेरा वर्षं होती खरी, पण ती पुण्याला. मंजूच्या नाकातून चिखलाचा वास अजून गेला नव्हता.

घाट काढला. आता ती कुठल्याही घरात गेली की आधी जिना कुठंय ते बघते, न विचारता पिठाचे डबे वरच्या फळीवर चढवते. घरातल्या बायका वैतागतात. 'मंजू बदलली' असं मला कुठं लिहावं लागलं नाही.

वेल्सच्या 'द टाइम मशीन'मधल्या (१८९५) प्रवाशाला नावसुद्धा नाही. नारळीकरांचे गंगाधरपंत मराठ्यांनी पानिपत जिंकलेलं जग बघून एकाच कथेत परततात. एका फेरीला तेवढं पुरतं. मालिकेत माणूस साचत जातो. 'डार्क' ही जर्मन मालिका बघताना मी हौसेनं नात्यांचे तक्ते काढले, पण आत रुतला तो उलरिख. हरवलेल्या मुलामागे निघतो, चुकून १९५३ मध्ये पोचतो, तिथंच डांबला जातो. १९८७ मध्ये दोघं समोरासमोर येतात तेव्हा मुलगा अजून पोरच आणि बाप म्हातारा.

सध्या पाचव्यात अडलोय. चाळिशीची मंजू पुन्हा त्याच ११ जुलैला लकडी पुलावर उभी, आणि समोरून सतरा वर्षांची ती लोकांना ओरडून सांगत धावत येतेय. थोरलीनं तिला अडवायचं, की तिच्याबरोबर ओरडायचं? चार मसुदे झाले. परवाच्या मसुद्यात थोरली एवढंच विचारते, "जेवलीस का?" वहिनींना अजून दाखवलेला नाही.