परदेशातील अध्यापनाची वाट अमळनेरवरून

जळगाव शहर मागे टाकून धुळ्याच्या दिशेने निघाले की थोड्याच अंतरावर गिरणाकाठी विद्यापीठाचा विस्तीर्ण परिसर दिसू लागतो. १५ ऑगस्ट १९९० रोजी स्थापन झालेल्या या विद्यापीठाला २०१८ मध्ये कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव देण्यात आले. ज्यांना लिहिता-वाचता येत नव्हते, त्यांच्या नावाची मोहोर आज खानदेशातील पदवीपत्रांवर उमटते. विद्या आणि पदवी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याची आठवण या नावातच आहे. हीच पदवी हाती घेऊन आता काही तरुण-तरुणी परदेशात इंग्रजी शिकवायला जाण्याचा विचार करू लागले आहेत.

जळगावच्या नवी पेठेतील किंवा धुळ्याच्या बाजारपेठेतील एखाद्या व्यापारी घराचे उदाहरण घ्यावे. घरात मारवाडी किंवा गुजराती, दुकानात मराठी, शेतकरी ग्राहकाशी अहिराणी आणि शाळेत इंग्रजी, अशा चार भाषांत वाढलेली मुलगी इंग्रजीत एम.ए. होते, बी.एड. करते. दुकानात तिचे मन रमत नाही आणि शिकवण्याची आवड आहे. अशा वेळी मोबाईलवर एक जाहिरात येते. अमुक आठवड्यांचे प्रशिक्षण घ्या, आम्ही थायलंड, व्हिएतनाम किंवा कोरियातील शाळेत नोकरी लावून देऊ. राहण्याची सोय आमची, व्हिसा आमचा. मात्र नोंदणीसाठी एवढी रक्कम आठ दिवसांत भरावी. मुलगी हरखते, आई धास्तावते, वडील हिशेब करू लागतात. गादीवर बसलेले आजोबा मात्र एकच प्रश्न विचारतात, “बेटा, नोकरी त्यांनी द्यायची आणि पैसेही तूच भरायचे? हा व्यवहार कोणता?”

या प्रश्नाचे उत्तर शोधायचे असेल तर धुळ्याला सरळ न जाता पारोळ्याहून उजवीकडे वळून अमळनेर गाठावे.

बोरी नदीकाठचे अमळनेर हे तालुक्याचे गाव. येथील गिरणीमालक श्रीमंत प्रताप शेठ यांच्या औदार्यातून १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले. एका लहान गावात देशभरातील अभ्यासकांनी येऊन राहावे, वाचावे, चर्चा करावी आणि लिहावे अशी ती योजना होती. बंगालमधून कृष्णचंद्र भट्टाचार्य यांच्यासारखे तत्त्वज्ञ येथे संचालक म्हणून आले. घनश्यामदास मलकानी यांनी येथे दीर्घकाळ काम केले. येथून निघणारे तत्त्वज्ञानविषयक त्रैमासिक इंग्रजीत होते आणि ते अमळनेरचे नाव दूरवरच्या विद्यापीठांपर्यंत घेऊन जात असे. आपल्या प्रांतातून परक्या प्रांतात विद्वानांना बोलावून बसवण्याची ती व्यवस्थाच होती. आजच्या भाषेत तिला प्लेसमेंट म्हणता येईल. त्या व्यवस्थेत पैसा शेठजींकडून अभ्यासकाकडे जात असे. ज्याला विद्येची गरज होती, तोच तिचा खर्च सोसत होता.

आजच्या कार्यक्रमांची पारख करण्यासाठी याहून सोपी कसोटी सापडणार नाही. पैशाची दिशा पाहावी. शिक्षकाची खरी गरज असलेली शाळा किंवा सरकार शिक्षकाला पगार देते, अनेकदा विमानभाडे आणि निवासही देते. जपानचा ‘जेट’ हा सरकारी कार्यक्रम १९८७ पासून चालू आहे. त्याचे अर्ज जपानी दूतावासामार्फत घेतले जातात, अर्जाला शुल्क नसते आणि निवड झालेल्यांना प्रवासखर्चही मिळतो. कोणत्या देशातून कोणत्या पदासाठी माणसे घेणार हे दरवर्षी ठरते. म्हणून त्या वर्षीची सूचना दूतावासाकडूनच पाहावी. दक्षिण कोरियाचा सरकारी शाळांसाठीचा ‘एपिक’ कार्यक्रम १९९५ पासूनचा. तेथे मुख्यतः अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या सात देशांच्या नागरिकांना घेतले जाते. परंतु १ जानेवारी २०१० पासून अमलात आलेल्या भारत-कोरिया आर्थिक भागीदारी करारात भारतीय शिक्षकांसाठीही एक दार ठेवलेले आहे. पदवी आणि अध्यापनाची अधिकृत पात्रता असलेल्या भारतीयाला तेथील शाळांत सहायक इंग्रजी शिक्षक म्हणून काम करण्याची तरतूद त्यात आहे. बी.एड. झालेल्या खानदेशी मुलीला जाहिरातीतील झटपट प्रमाणपत्रापेक्षा हातातील बी.एड. अधिक उपयोगी पडते, ते असे.

याचा अर्थ सर्व खासगी संस्था खोट्या असतात असे नाही. प्रशिक्षणाचे शुल्क आणि नोकरी लावून देण्याचे शुल्क या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, एवढे लक्षात ठेवावे. केंब्रिजच्या ‘सेल्टा’ अभ्यासक्रमासारख्या प्रशिक्षणात किमान १२० तास शिकवले जाते आणि त्यात प्रत्यक्ष विद्यार्थ्यांसमोर सहा तास पाठ घेऊन दाखवावे लागतात. अशा शिक्षणाला फी असणारच. नोकरीच्या दलालीचा हिशेब मात्र निराळा. भारतीयांना परदेशी नोकरीवर पाठवणाऱ्या एजंटाकडे १९८३ च्या उत्प्रवासन कायद्यानुसार नोंदणी असावी लागते. त्याने उमेदवाराकडून घ्यावयाच्या सेवाशुल्कावर तीस हजार रुपये अधिक जीएसटी अशी मर्यादा आहे आणि त्याची पावती देणे बंधनकारक आहे. एजंटाची नोंदणी खरी आहे की नाही, हे परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘ई-मायग्रेट’ संकेतस्थळावर घरबसल्या तपासता येते. नव्या गिऱ्हाइकाला उधारी देण्यापूर्वी बाजारात चार ठिकाणी चौकशी करणाऱ्या घराने मुलीला पाठवण्यापूर्वी ही एक चौकशी न करावी, हे नवलच म्हटले पाहिजे.

अमळनेरला आणखी एक दार ठोठवावे लागते, ते शाळेचे. कोकणातील पालगडचे पांडुरंग सदाशिव साने तत्त्वज्ञान मंदिरात अभ्यासासाठी आले आणि १९२४ मध्ये येथील शाळेत शिक्षक झाले. खानदेश त्यांना परकाच होता. येथील बोली वेगळी, हवा वेगळी, जेवण वेगळे. त्यांनी छात्रालयाची जबाबदारी घेतली, मुलांच्या खोल्या झाडल्या, आजाऱ्याच्या उशाशी बसले, मुलांसाठी हाताने दैनिक लिहिले. १९३० मध्ये नोकरी सोडून ते सत्याग्रहात गेले, तेव्हा जेमतेम सहा वर्षे झाली होती. तरीही साने गुरुजी म्हटले की आजही अमळनेर आठवते. परप्रांती जाऊन शिकवणाऱ्याने आधी तेथला व्हावे, हा धडा त्या सहा वर्षांत आहे. पुढे त्यांनी मांडलेली आंतरभारतीची कल्पनाही हीच होती. एका प्रांताच्या माणसाने दुसऱ्या प्रांताची भाषा शिकावी आणि देता देता घ्यावे. बँकॉक किंवा हनोईला वर्षभर राहून तेथील भाषेची शंभर वाक्येही न शिकता परतणारा शिक्षक पगार घेऊन येतो. अनुभव मात्र तेथेच ठेवून येतो.

अमळनेरहून धुळ्यास यावे. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांच्या ताब्यात गेल्यावर कॅप्टन ब्रिग्ज याने धुळे हे मुख्य ठाणे केले आणि पांझरेकाठी नवी वसाहत आखली. या गावाची खरी श्रीमंती मात्र कागदांत आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी आयुष्यभर गावोगाव फिरून दप्तरे गोळा केली आणि ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच देह ठेवला. त्यांचे काम पुढे चालावे म्हणून लगेच येथे संशोधन मंडळ उभे राहिले. शंकर श्रीकृष्ण देव यांनी समर्थ संप्रदायाची हस्तलिखिते जमवली, ती येथील वाग्देवता मंदिरात जपली आहेत. कुणी सांगितले म्हणून न मानता मूळ कागद पाहावा, ही राजवाड्यांची शिस्त परदेशी जाणाऱ्या शिक्षकालाही हवी.

मूळ कागद म्हणजे सर्वप्रथम करारपत्र. त्यावर शाळेचे नाव आणि पत्ता हवा. ‘आमच्या सहयोगी संस्थांपैकी एक’ असे मोघम शब्द चालत नाहीत. आठवड्याचे तास, पगाराचे चलन, सुट्ट्या, आरोग्यविमा, मुदतीपूर्वी सोडल्यास काय, पासपोर्ट कुणाकडे राहणार, हे सर्व लिहिलेले असावे. पासपोर्ट स्वतःजवळच ठेवावा. दुसरा कागद व्हिसाचा. ‘आधी पर्यटक म्हणून या, काम करण्याचा परवाना नंतर काढू’ असे कुणी म्हणाले तर तेथेच बोलणे थांबवावे. सप्टेंबर २०२२ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने अशाच आमिषांबद्दल सूचना काढली होती. थायलंडमध्ये चांगली नोकरी आहे असे सांगून नेलेल्या भारतीय तरुणांना बेकायदेशीरपणे सीमेपार म्यानमारमध्ये नेऊन फसवणुकीच्या धंद्यात डांबले जात होते. ती मुले अडाणी नव्हती, शिकलेली होती. त्यांनी फक्त मूळ कागद पाहिला नव्हता.

तिसरा गठ्ठा साक्षांकनाचा. पदवीपत्र आधी राज्याच्या पातळीवर साक्षांकित होते, मग परराष्ट्र मंत्रालयाचे अपॉस्टिल लागते. हेग कराराचा भारतासाठी अंमल २००५ मध्ये सुरू झाला आणि सदस्य देशांत हा शिक्का पुरेसा ठरतो; इतर देशांसाठी त्या देशाच्या दूतावासाकडेही जावे लागते. अपॉस्टिलचे सरकारी शुल्क प्रत्येक कागदास पन्नास रुपये आहे आणि पासपोर्ट कार्यालयातून मिळणाऱ्या पोलीस दाखल्याचे पाचशे. मध्यस्थ संस्था आपली सेवा धरून अधिक घेतात, ते ठीक. पण ‘कागदपत्रांचा खर्च’ म्हणून हजारोंचा आकडा समोर आला तर त्याची फोड मागावी. निघण्यापूर्वी बँकेत जाऊन बचत खात्याचे एनआरओ खात्यात रूपांतर करून घ्यावे. नोकरीसाठी देश सोडणारी व्यक्ती परकीय चलन कायद्यानुसार अनिवासी ठरते, ही गोष्ट सुशिक्षित घरांतही राहून जाते.

जैन घरातील मुला-मुलींपुढे आहाराचा प्रश्न खराच असतो. पूर्व आशियात पालेभाजीतही मासळीचा रस पडलेला असतो आणि कांदा-लसणाशिवाय पदार्थ मागणे तेथील लोकांना कळत नाही. सूर्यास्तापूर्वीचे जेवण शाळेच्या वेळांत बसवावे लागते. म्हणून करारात स्वयंपाकघर असलेली खोली मागून घ्यावी आणि निघण्यापूर्वी वरण-भात, भाकरी, भाजी स्वतः रांधता येईल एवढी तयारी करावी. मुलगा जाणार असेल तर त्यानेही.

आता उरतो तो खरा प्रश्न, शिकवता येते का? इंग्रजी मातृभाषा नसणे ही उणीव आहे असे अनेक देश मानतात. परंतु वर्गात त्याचा लाभही होतो. जिने अहिराणी, मराठी आणि इंग्रजी या भाषांमधली दरी स्वतः ओलांडली आहे, तिला विद्यार्थी कोठे अडखळतो ते नेमके ठाऊक असते. फक्त या जाणिवेला सरावाची जोड हवी. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली फेब्रुवारी ते जून या काळात दर रविवारी विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली आणि तेथेच बंदी असलेल्या साने गुरुजींनी ती टिपून घेतली. फळा नव्हता, पगार नव्हता, प्रमाणपत्र नव्हते. समोर कैदी होते आणि बोलणाऱ्याला विषय आतून उमगलेला होता. पुढे ती प्रवचने कितीतरी भाषांत गेली. शिकवणे प्रथम जेथे आहोत तेथे सिद्ध व्हावे लागते, मग ते दूर जाते.

म्हणून आठ दिवसांची मुदत घालणाऱ्या जाहिरातीला उत्तर देण्यापूर्वी त्या मुलीने जळगाव-धुळ्यातील एखाद्या मराठी शाळेत किंवा छात्रालयात सहा महिने सायंकाळी इंग्रजी शिकवून पाहावे. मुले पुन्हा पुन्हा येऊ लागली, तर बाहेरच्या जगातही तिच्यासाठी जागा आहे. तोवर करारपत्र आजोबांच्या गादीवर ठेवून एकदा मोठ्याने वाचावे. ज्या कागदातील प्रत्येक ओळ घरातील वडीलधाऱ्यांना समजावून सांगता येते, त्यावर सही करण्यास हरकत नाही.

मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन मोठे महामार्ग धुळ्याला एकमेकांस छेदतात. या चौफुलीवरून खानदेशचा माल दूरदूर गेला. आता येथील मुली-मुले विद्या घेऊन निघाली आहेत. त्यांनी जावे, चौकशी करून जावे आणि जेथे जातील तेथले होऊन परत यावे.