जागा खातंय कोण?

मैत्रिणींनो, महिन्याची साखर वीस तारखेलाच संपली तर तुम्ही काय कराल? आणखी दोन किलो आणाल. पण पुढच्या महिन्यातही तसंच झालं, की आपण डबा खाली काढतो, बूड तपासतो, मुंग्यांची रांग कुठून येते ते बघतो. संगणकाच्या बाबतीत मात्र आपलं हे शहाणपण कुठे जातं कोण जाणे! त्याची जागा भरली की एक तर फोटो पुसत बसायचं, नाहीतर दुकानदार सांगेल ते मुकाट्याने करायचं.

आमच्याकडे विंडोज ७ वर चालणारा जुना संगणक आहे. या विंडोजची अधिकृत देखभाल १४ जानेवारी २०२० लाच थांबली, त्यामुळे बँकेचे व्यवहार आम्ही त्याच्यावर करत नाही. पण माझ्या शाळेच्या प्रश्नपत्रिका, मुलाचे प्रकल्प, लग्नकार्याचे फोटो, सगळं त्याच्याच पोटात. गेल्या उन्हाळ्यात त्याच्या 'सी' ड्राइव्हची पट्टी लाल दिसायला लागली. चार-पाच जीबी पुसावं, दोन दिवस बरे जावेत, की पुन्हा लाल!

घरात आरोपी आधीच ठरलेला होता. नववीतला मुलगा! "गेम टाकत असेल, सिनेमे उतरवत असेल," असं हे रोज जेवताना म्हणायचे. तो "मी काही टाकलं नाही" म्हणून म्हणून थकला आणि शेवटी गप्प बसायला लागला. तुम्हीही आया आहात. मुलाचं असं गप्प बसणं आपल्याला किती लागतं ते तुम्हाला सांगायला नको.

दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने पाच मिनिटं माऊस हलवला आणि निकाल दिला, "मॅडम, फॉरमॅट मारावं लागेल. नाहीतर नवी डिस्क टाका." फॉरमॅट म्हणजे पाटी कोरी. डिस्क का भरते, हे विचारलं तर म्हणाला, "जुनं झालं की भरतेच." हे काही उत्तर झालं का? माठ जुना झाला म्हणून आपोआप भरत नाही. कोणीतरी पाणी ओतत असतं.

आणि पाटी कोरी करून चालणार नव्हतंच. मामंजी तीन वर्षांपूर्वी गेले. त्याआधीच्या वर्षी ह्यांनी त्यांना समोर बसवून चौदा रेकॉर्डिंगं केली होती. १९७२च्या दुष्काळात बैलजोडी कशी विकली, खडी फोडायला कोण कोण गेलं, मलकापूरच्या बाजारात कापसाची गाडी घेऊन यायचे तेव्हा रात्र कुठे काढायचे, असं सगळं त्यांच्या आवाजात. सासूबाईंना फॉरमॅट हा शब्द ठाऊक नाही, पण त्यातलं वर्म त्यांना बरोबर कळलं. दारातूनच म्हणाल्या, "त्याईचा आवाज हाये त्याच्यात. पुसू नोको म्हणा त्याले."

त्या संध्याकाळी पहिलं काम केलं ते हे, की चौदाही रेकॉर्डिंगं पेन ड्राइव्हवर उतरवली आणि दुसरी प्रत अकोल्याला नणंदेच्या संगणकावर पाठवली. तुम्हालाही माझं हेच सांगणं आहे. साफसफाईचं काहीही सुरू करण्याआधी जे पुन्हा मिळणार नाही त्याच्या दोन प्रती दोन ठिकाणी ठेवा. एकाच संगणकात दोनदा ठेवलं तर ती दुसरी प्रत नव्हे बरं का!

मग घेतली वही. दुधाचा हिशेब लिहितो ना, तशी. सकाळी संगणक सुरू केला की मोकळी जागा किती, आणि बंद करताना किती. चार दिवस काही उमगलं नाही. पाचव्या दिवशी रविवार होता आणि मुलगा आजोळी गेला होता. मी सकाळी आठला घटक चाचणीचा पेपर टाइप करायला बसले. मध्ये स्वयंपाक, धुणं, पुन्हा पेपर, असं करत दुपारी चार वाजले. बाहेर ऊन असं की कुत्रंसुद्धा रस्त्यावर नाही. वहीत लिहायला मोकळी जागा पाहिली, तर सकाळपेक्षा जवळजवळ अडीच जीबी कमी! माझा पेपर होता ४० केबीचा. अडीच जीबीत तसे साठ हजारांवर पेपर मावतील. ती वही मी रात्री ह्यांच्या ताटाशेजारी ठेवली. हे काही बोलले नाहीत, पण मुलाचा विषय त्या दिवसापासून बंद झाला.

आता खरा चोर शोधायचा होता. इथल्याच इंजिनिअरिंग कॉलेजात शिकणारी माझी एक जुनी विद्यार्थिनी आहे, तिला विचारलं. तिने 'विनडिरस्टॅट' नावाचा एक फुकट मिळणारा प्रोग्राम सांगितला. तो डिस्कवरच्या सगळ्या फाइली रंगीत चौकोनांत मांडून दाखवतो. जेवढी फाइल मोठी, तेवढा चौकोन मोठा. पसरून ठेवलेल्या वाळवणासारखं सगळं एका नजरेत येतं.

त्यात आधी काही निर्दोष मंडळी भेटली. आमची डिस्क ३२० जीबीची, पण संगणक ती २९८च दाखवतो. यात चोरी नाही. बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात, विंडोज १०२४च्या पटीत, एवढाच फरक. दुसरी एक ३ जीबीची फाइल संगणकाला 'झोपवताना' उघडं काम लिहून ठेवण्यासाठी लागते. ती लपलेली असते म्हणून आपल्याला एरवी दिसत नाही. फोनवरून आलेली सुप्रभाताची चित्रंही होती. (हसू नका. भारतातले फोन इतके का भरतात हे गूगलच्या लोकांनी शोधलं, तेव्हा ही 'गुड मॉर्निंग'ची चित्रं एक मोठं कारण निघालं. अशी अडगळ काढायला त्यांनी डिसेंबर २०१७ मध्ये 'फाइल्स गो' हे खास ॲपच काढलं!) पण हे सगळं मिळूनही हिशेब जुळत नव्हता.

उरला एक भलामोठा पट्टा, एकाच रंगाच्या शेकडो तुकड्यांचा. विंडोजच्या पोटातल्या 'टेम्प' या फोल्डरमध्ये 'कॅब' अशा नावाने सुरू होणाऱ्या सहाशेच्या वर फाइली होत्या, प्रत्येक साधारण १०० एमबीची. एकूण साठ जीबी!

त्या मुलीने कारण समजावलं ते मी आपल्या भाषेत सांगते. विंडोज आपल्या दुरुस्त्यांची एक नोंदवही लिहीत असतं. तिचं नाव 'सीबीएस लॉग'. वही जाड झाली की ती दाबून, बांधून, लहान करून ठेवायची, अशी व्यवस्था आहे. पण बांधण्याच्या त्या पद्धतीत २ जीबीच्या वरची वही मावत नाही. आमची वही तेवढी फुगली होती. मग काय व्हायचं? विंडोज गाठोडं बांधायला घ्यायचं, ते अर्धवट राहायचं, ते तसंच कोपऱ्यात टाकून थोड्या वेळाने पुन्हा नवं गाठोडं घ्यायचं. जुन्या साड्यांचं बोचकं एकाच चादरीत कोंबायला जावं आणि गाठ बसेना, तसं! फरक इतकाच की दुसऱ्या खेपेला आपण मोठी चादर घेतो. यंत्राला ते सुचत नाही. संगणक जितके तास चालू, तितकी गाठोडी जास्त. चार-पाच जीबी पुसलेले दोन दिवसांत का भरायचे, तेही आता कळलं.

उपाय अर्ध्या तासाचा होता. सर्व्हिसेसच्या यादीत 'विंडोज मॉड्यूल्स इन्स्टॉलर' थांबवलं, 'लॉग्ज' मधल्या 'सीबीएस' फोल्डरमधली ती फुगलेली वही काढली, मग 'टेम्प' मधली गाठोडी काढली, आणि शेवटी रिसायकल बिन रिकामा केला. हे शेवटचं विसरू नका, कारण बिनमध्ये टाकलेलं डिस्कवरच असतं. केराची टोपली भरली म्हणजे घर झाडलं असं नव्हे. आणि ठाऊक नसलेल्या फाइलीला, विशेषतः विंडोजच्या फोल्डरमध्ये, जाणत्या माणसाला विचारल्याशिवाय हात लावू नका. आम्ही नावं दोन-दोनदा ताडून पाहिली. नंतर पंधरा दिवस वही चालू ठेवली. जागा होती तिथेच आहे.

एक हिशेब मात्र राहून राहून मनात येतो. मामंजींची चौदा रेकॉर्डिंगं मिळून १८० एमबीची. म्हणजे असल्या दोन गाठोड्यांइतकीही नाहीत, आणि पुसायला निघालो होतो ती! माझ्या मुलाने वाचून दाखवलं की १९५६ साली आयबीएमने पहिली हार्ड डिस्क काढली, तिला दोन-दोन फूट रुंदीच्या ५० तबकड्या होत्या आणि एवढ्या परातींत मिळून ५० लाख अक्षरं मावायची. मामंजींचं बैलजोडीचं एक रेकॉर्डिंगसुद्धा त्यात बसलं नसतं.

पेन ड्राइव्हला मी नाव आणि तारखेची चिठ्ठी चिकटवली आहे. सासूबाईंनी तो पोथीच्या कपाटात ठेवलाय. मुलाला तो हवा असला की आधी हात धुवावे लागतात.