शिंगांना व्हार्निश नको!

जुन्या वस्तूला नवी झळाळी आली की आपणांस कृतार्थ वाटते. पितळेच्या समईला चिंच लावून ती लखलखीत करावी, हे योग्यच होय. परंतु काही वस्तूंचे सौंदर्य त्यांच्या खडबडीतपणातच असते. काळविटाचे शिंग त्यांपैकी एक.

सुरतेतील आमच्या परिचयाच्या एका घरी, पणजोबांच्या काळातले, पेंढा भरलेले काळविटाचे शिर भिंतीवर आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार ते बाळगण्याचे प्रमाणपत्रही त्या कुटुंबाजवळ आहे. दिवाळीपूर्वी घराला रंग देताना शिंगांनाही व्हार्निश द्यावे, असा बूट निघाला. मी विरोध केला.

माझ्या विरोधाचे कारण शिंगाच्या घडणीत आहे. चितळाची शिंगे भरीव हाडाची असतात आणि गळून पुन्हा उगवतात. काळविटाची शिंगे मात्र जन्मभर टिकतात. आत हाडाचा खुंट आणि वर केराटिनाचे, म्हणजे आपल्या नखांच्याच द्रव्याचे, पिळदार आवरण! त्यावरील वलये, ओरखडे आणि झिजलेली टोके म्हणजे त्या प्राण्याचे चरित्रच. व्हार्निशाने वलयांमधील खाचा बुजतात, कालांतराने ते पिवळे पडते आणि शिंग लाकडी खुंटीसारखे दिसू लागते. तेल चोळावे, तर धूळ चिकटते. दमट हवेत हे आवरण फुगते, कोरड्या हवेत आकसते. असे वारंवार झाल्यास ते तडकते.

मग करावे काय? मऊ, कोरड्या कुंचल्याने धूळ झाडावी. ऊन व ओल यांपासून शिर दूर ठेवावे. कसर लागली नाही ना, हे अधूनमधून पाहावे. हातमोजे मात्र अवश्य घालावेत, कारण पूर्वी अशा कातड्यांना सोमल लावण्याचा प्रघात होता.

घरातील मंडळी बराच वेळ वाद घालीत होती. अखेर आजींनीच निर्णय दिला, "भिंतीला रंग द्या. त्याला आहे तसाच राहू द्या. जीव तर घेतलाच. आता रूप तरी घेऊ नका."

आजींच्या या शब्दांपुढे माझे शास्त्र मला तोकडे वाटले. खंबायतच्या आखातापलीकडे, भावनगर जिल्ह्यातील वेळावदर येथे, १९७६ मध्ये राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले. तेथील माळरानावर काळविटे आजही चौखूर उधळतात. भिंतीवरील शिंगे जशीच्या तशी राखावीत; पण शिंगांची खरी शोभा पाहावयाची, तर ती तेथेच!