पुढचा दांत

माणसाच्या तोंडांत बत्तीस दांत असले तरी त्यांतले बहुतेक केवळ चावण्यासाठीं असतात आणि दोनचारच जगाला दाखविण्यासाठीं असतात, ही गोष्ट पन्नाशी उलटेपर्यंत माझ्या ध्यानांत आली नव्हती. वरच्या ओळींतला, अगदीं मधल्या जोडीपैकीं डावीकडचा दांत मीं गमावला, तेव्हां ती आली.

तो दिवस संक्रांतीचा होता. शेजारच्या काकूंनीं आणलेली तिळाची वडी चांगलीच कडक होती, आणि लहानपणीं सायकलवरून पडल्यामुळें तो दांत पूर्वींच निर्जीव झालेला होता. 'गोड बोला' म्हणून दिलेल्या पदार्थानेंच माझें बोलणें बंद करावें, यांतली गंमत त्या वेळीं मला मुळींच सुचली नाहीं. मी इंग्रजीचा प्राध्यापक. मराठी 'फ' दोन ओंठांचा, इंग्रजी 'एफ्' वरचे दांत आणि खालचा ओंठ यांचा, असें मुलांना वर्षानुवर्षें बजावीत आलेला. आतां तो एफ् काढूं गेलों कीं दाराच्या फटींतून वारा शिरावा तसा आवाज येऊं लागला. शिवाय वैशाखांत मुलीचें लग्न ठरलेलें होतें.

ज्या दवाखान्यांत मी प्रथम गेलों, तेथील डॉक्टरांनीं हाडाचें सी. टी. छायाचित्र काढावें, थोडें थांबावें, असें एकदां सुचविलें होतें, हें मला प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. त्यावर मीं त्यांना लग्नपत्रिका दाखविली. त्यांनींही मग फारसा आग्रह धरला नाहीं. मोडक्या दांताचें मूळ काढलें त्याच बैठकींत त्याच खळग्यांत टायटॅनियमचा स्क्रू बसला, आणि वैशाखांत त्याच्यावर नवा दांत चढला. लग्नाच्या सगळ्या छायाचित्रांत मी हंसतों आहें. इतकें हंसण्याजोगें त्या मांडवांत कांहीं घडलें होतें असें मला आठवत नाहीं!

तीन वर्षें बरी गेलीं. मग त्या दांतावरची हिरडी हळूहळू वर सरकूं लागली. आरशांत मला तें दिसत होतें, पण मीं मिशा वाढविल्या आणि विषय मिटविला. एके दिवशीं मांडीवर बसलेल्या नातीनें माझा ओंठ बोटानें वर करून विचारलें, "आजोबा, तुमचा हाच दांत एवढा लांब कां? आणि वर काळें काळें काय आहे?" मिशांचा उपाय संपला.

जिच्याकडे मी नंतर गेलों ती अकरावीला माझ्या वर्गांत होती. निबंधांत स्वल्पविरामांची खैरात करी, म्हणून मी तिचे गुण कापीत असें. "सर, स्क्रू पक्का आहे," ती म्हणाली, "पण जागा चुकली आहे." पडद्यावर माझ्या जबड्याचा उभा छेद दाखवून ती शिकवूं लागली, आणि मी पुष्कळ वर्षांनीं विद्यार्थी झालों.

पुढच्या दांतांच्या बाहेरच्या अंगाला असलेली हाडाची भिंत फारच पातळ असते, पुष्कळदां एक मिलिमीटरहूनही कमी. ती दांताच्याच आश्रयानें जगते. दांत गेला कीं पुढच्या कांहीं महिन्यांत ती झिजूं लागते, आणि हाड गेलें कीं हिरडी त्याच्यामागें जाते. म्हणून स्क्रू खळग्याच्या मधोमध बसवावयाचा नसतो. तो टाळूच्या बाजूला सरकवून, बाहेर दोनएक मिलिमीटर जाडीचें हाड राहील असा बसवावा लागतो. शेजारच्या दांतांपासून तो निदान दीड मिलिमीटर दूर हवा, नाहीं तर दोन दांतांमधला हिरडीचा कोंवळा त्रिकोण नष्ट होऊन तेथें काळी खिडक पडते. त्याचें तोंड हिरडीच्या भावी कडेपासून तीनचार मिलिमीटर आंत हवें. आणि एवढें सारें साधावयाचें तें अशा जागीं, जेथें टाळूकडचें हाड कठीण असल्यामुळें फिरतें गिरमिट आपण होऊन बाहेरच्या मऊ बाजूकडे घसरूं पाहतें. दाढेच्या जागीं अशी चूक झांकून जाते. येथें ती दर हंसण्याला बाहेर येते.

या विद्येचा उगम मात्र दांतांत नाहीं. १९५२ सालीं ब्रोनेमार्क नांवाच्या स्वीडिश संशोधकानें सशाच्या पायाच्या हाडांतील रक्ताभिसरण पाहण्यासाठीं टायटॅनियमचीं बारीक उपकरणें बसविलीं होतीं. काम संपल्यावर तीं काढूं गेला तों निघेनात, कारण हाड धातूशीं एकजीव झालें होतें. दुसरा कोणी उपकरणें वांयां गेलीं म्हणून चरफडला असता. या गृहस्थानें १९६५ सालीं त्याच धातूचे खुंट एका माणसाच्या जबड्यांत बसविले, आणि ते त्याला २००६ सालीं मृत्यु येईपर्यंत पुरले. हाडाची ही मिठी म्हणजेच या सगळ्या शास्त्राचा पाया. पण ती मिठी चूक आणि बरोबर असा भेद करीत नाहीं. वांकडा आलेला खरा दांत तारेनें ओढून सरळ करतां येतो. हाडांत रुजलेला स्क्रू केसभरही हलत नाहीं. माझा स्क्रू उत्तम रुजला होता. फक्त जेथें रुजूं नये तेथें.

तो उलट्या किल्लीनें पिरगाळून काढावा लागला. त्या आवाजाचें वर्णन मी येथें करीत नाहीं. घरोघरीं हें मासिक जेवणानंतर वाचलें जातें. मग हाडाची भर घालणें, सहा महिने थांबणें, आणि तोंवर काढघालीचा एक खोटा दांत लावून व्याख्यानें देणें. एकदां उपहासाच्या ऐन भरांत तो मेजावर पडला. मुलें हंसलीं नाहींत, हेंच मला अधिक लागलें.

दुसऱ्या वेळीं तिनें माझ्या दांतांवर चपखल बसणारा एक पारदर्शक साचा छापून आणला होता. त्यांतल्या धातूच्या नळींतूनच गिरमिट जावयाचें. "मग चुकण्याची भीतीच नाहीं," मी म्हणालों. "आहे ना, सर. सांचा वापरूनही सरासरीनें मिलिमीटरभर फरक पडतो, आणि तीनचार अंश कलही." म्हणून ती दर टप्प्याला सांचा काढी, भोकांत बारीक खुंटी उभी करी, समोरून पाही, खालून पाही, पुन्हां छायाचित्र घेई. हाड तापूं नये म्हणून थंड पाण्याची धार सारखी चालू. तोंड उघडें असल्यामुळें मला बोलतां येत नव्हतें, आणि सांगावयाचें होतें एवढेंच कीं, बाई, त्या स्वल्पविरामांचे गुण मी परत देतों.

चार महिन्यांनीं कच्चा दांत बसला. त्याच्या दाबानें हिरडीला आकार येऊं द्यावयाचा, मग पक्का. तो बसवितांना तिनें मला सरळ बसविलें, आरसा काढून घेतला आणि म्हणाली, "सर, इंग्रजींत पन्नासपासून आंकडे म्हणा. दांताची धार ओंठाला बरोबर टेकते कीं नाहीं, तें एफ् आणि व्ही यांवरून कळतें. आपणच शिकविलें होतें."

मीं आरंभ केला. फिफ्टी, फिफ्टी-वन्, फिफ्टी-टू. फिफ्टी-फाइव्हला तिनें थांबविलें, दांत काढून त्याची कड किंचित् घांसली आणि पुन्हां बसविला. "परत पहिल्यापासून." या खेपेस फिफ्टी-सेव्हन्पर्यंत आलों आणि थबकलों, तें माझें चालू वय होतें.

"थांबूं नका, सर," ती म्हणाली, "साठापर्यंत ऐकावयाचें आहे."