पसंतीक्रम

बारावीचे निकाल लागले की आमच्या धर्मग्रामातील कुटुंबांची पावले फादरांच्या निवासाकडे वळू लागतात. पेढ्यांचा पुडा पुढे येतो, आशीर्वाद मागितला जातो आणि चहा संपत आला की मूळ विषय निघतो, "फादर, आता पुढं कशाला घालावं लेकराला?" या प्रश्नाला आम्ही गेली पंचवीस वर्षे उत्तरे देत आलो आहोत. ती देताना आमचा आवाज कधी अडखळला नाही, हे आज लिहिताना थोडे संकोचाचे वाटते.

आमच्या लहानपणी हिंगोली हा परभणी जिल्ह्याचा तालुका होता. स्वतंत्र जिल्हा झाला तो १ मे १९९९ रोजी. विद्यापीठ म्हणजे दूरचे औरंगाबाद. नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ मध्ये स्थापन झाले. त्या काळी निवड अशी नव्हतीच. जिथे 'नंबर लागला' तिथे ट्रंक घेऊन जायचे. आज खुद्द हिंगोलीत २०२४ पासून शंभर जागांचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभारण्यास केंद्र सरकारने २०२३ मध्ये मंजुरी दिली, तेव्हापासून बाजारात भाजी घेतानाही कुणीतरी 'लायगो'चा अर्थ विचारतो. वाटा वाढल्या ही आनंदाचीच गोष्ट. पण वाटा वाढल्या की चौकातील गोंधळही वाढतो.

त्यात ही केंद्रीय प्रवेश प्रक्रिया. अभियांत्रिकीच्या अर्जात तीनशेपर्यंत पर्याय पसंतीक्रमाने भरता येतात. २०२५ पासूनचा नियम असा की, पहिल्या फेरीत पहिल्याच पसंतीचे महाविद्यालय मिळाले तर ते स्वीकारावेच लागते. न स्वीकारल्यास पुढच्या फेऱ्यांतून नाव बाद. दुसऱ्या फेरीत हेच बंधन पहिल्या तीन पसंतींना आणि तिसरीत पहिल्या सहांना. म्हणजे यादीत वर काय लिहिले, यावर मुलाची चार वर्षे ठरतात. आणि आमच्या गावांत ही यादी बहुधा तालुक्याच्या नेट कॅफेत, मागे रांग लागलेली असताना, ज्याला संगणक कळतो असा मामा किंवा काका भरतो.

२०२५ च्या पावसाळ्यात आमच्याकडे आलेले कुटुंब वसमत भागातील. वडील मोंढ्यात हमाली करतात. शिवाय दोन एकर वावर, त्यात हळद. थोरल्या मुलीला प्रवेश परीक्षेत चांगले गुण मिळालेले. मामाने भरलेल्या यादीप्रमाणे मुंबईतील एका कॅथोलिक संस्थेच्या महाविद्यालयात, ख्रिस्ती अल्पसंख्याकांसाठीच्या जागेवर, संगणक अभियांत्रिकीला तिचा नंबर लागला होता. पहिली फेरी, पहिली पसंती. त्याच आठवड्यात कृषीच्या वेगळ्या प्रक्रियेतून परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातही जागा मिळाली. तो अर्ज मुलीने मैत्रिणीसोबत जाऊन स्वतः भरला होता. हा फरक त्या दिवशी आमच्या ध्यानात यायला हवा होता.

आम्ही मात्र हरखून गेलो. मुंबईच्या भाविकांना याचे अप्रूप वाटणार नाही. वांद्र्याला फादर आग्नेल यांच्या नावाच्या संस्थेचे अभियांत्रिकी महाविद्यालय १९८४ पासून आहे, कुर्ल्याला डॉन बॉस्को २००१ पासून, माहीमला झेव्हियर २००५ पासून. आमच्या मूठभर कुटुंबांच्या धर्मग्रामातून तेथवर पोहोचणारी ही पहिलीच मुलगी. आम्ही तिथल्या तिथे सेमिनरीतील एका सहाध्यायाला फोन लावला आणि सिस्टरांच्या वसतिगृहात एक खाट सांगून ठेवली. मामा प्रसन्न झाला. वडिलांनी डोक्याची टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "फादर म्हणत्यात तर मग झालंच." मुलगी भिंतीवरच्या पवित्र कुटुंबाच्या तसबिरीकडे पाहत होती. तिला आम्ही अभिनंदनाखेरीज काहीही म्हटले नाही.

खर्चाचा हिशेबही आम्हीच मांडला. १९५० च्या राष्ट्रपती आदेशामुळे अनुसूचित जातींतून ख्रिस्ती झालेल्यांना अनुसूचित जातीच्या सवलती नाहीत. महाराष्ट्रात त्यांची गणना इतर मागासवर्गात होते. त्या वर्गातील, आठ लाखांच्या आत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क राज्य शासनाने जुलै २०२४ च्या निर्णयाने माफ केले. ती माफी मिळाली तरी खाणावळ, वसतिगृह, जाणे-येणे यांची माफी कुठेच नसते. "म्हैस हाय की," वडील म्हणाले. त्यावर "देव वाट दाखवील," असे आम्ही म्हणालो. किती सहज म्हणालो!

दोन दिवसांनी सकाळच्या मिस्सानंतर मुलीची आई वेदीजवळची फुले बदलण्याच्या निमित्ताने थांबली. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर म्हणाली, "फादर, राग नका धरू. पोरीनं घरात काचंच्या बरण्या मांडून ठिवल्यात. सडक्या हळदीच्या." दोन वर्षांपूर्वी त्यांच्या वावरात कंदकूज लागली होती. जमिनीवर पाला पिवळा पडत जातो आणि खाली कंद कुजून मऊ होतो. खणून पाहीपर्यंत बरेचसे हातचे गेलेले असते. नऊ महिन्यांचे पीक! जूनमध्ये लावायचे आणि जानेवारीनंतर काढायचे. तोवर उसनवारीवर घर चालवायचे. त्या वर्षी मुलीने वावराच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांतले कंद बरण्यांत भरले, त्यांवर तारखा घातल्या आणि पाणी कुठे साचत होते याचे चित्र वहीत काढले. सांगून झाल्यावर आई म्हणाली, "आता मामाला कोन सांगनार? आन् तुमाला तरी कोन सांगनार?"

हे शेवटचे वाक्य आमच्या जिव्हारी लागले.

सेमिनरीत संत इग्नाशियस लोयोला यांच्या १५४८ साली छापल्या गेलेल्या अध्यात्मसाधनेच्या पुस्तकाचा आम्ही वर्षभर अभ्यास केला होता. निवड करणाऱ्याला साथ देणाऱ्याने कोणत्याही बाजूला झुकू नये, त्याने तराजूच्या काट्यासारखे मध्ये स्थिर राहावे, असे तेथे सांगितले आहे. परीक्षेत या प्रश्नाला आम्हाला उत्तम गुण मिळाल्याचे आठवते. मोंढ्यात जन्म गेलेल्या त्या बापाला काटा म्हणजे काय हे आमच्यापेक्षा अधिक कळते. आणि त्याच्या डोळ्यांदेखत आम्ही काटा मारला होता. मुंबईचे नाव, आमच्या धर्मग्रामाची शोभा, सहाध्यायासमोर मिरवण्याची हौस, हे सारे आम्ही एका पारड्यात हळूच टाकले होते.

आमच्या स्वतःच्या वेळी असे झाले नव्हते. बारावीनंतर आमच्या हाती दोन पत्रे होती, एक अध्यापक विद्यालयाचे आणि दुसरे सेमिनरीचे. त्या काळी डी. एड. म्हणजे घरबसल्या नोकरी; वडिलांचा जीव तिकडे. आमच्या वृद्ध मिशनरी फादरांना पाचारणांची केवढी तहान होती, हे सारा गाव जाणत होता. तरीही त्यांनी दोन्ही पत्रे आमच्या हाती परत दिली आणि कापूस निंदायला पिटाळले. पंधरा दिवस त्यांनी हा विषय काढला नाही. पुढे आम्ही होऊन सांगायला गेलो, तेव्हाही त्यांनी आधी वडिलांचे काय म्हणणे आहे ते विचारले. अशा माणसाच्या हाताखाली वाढून आम्ही फोन उचलायला पाच मिनिटेही थांबलो नाही.

त्याच संध्याकाळी आम्ही मोटारसायकल काढून त्यांच्या घरी गेलो. मामाही होता. सर्वांसमोर मुलीला म्हणालो, "परवा आम्ही घाई केली, बाळ. तुला विचारायचे राहून गेले." ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "फादर, मला मुंबई बघायचीय. पन शिकायला परभनीलाच जायचंय." मामा उसळला. संगणक सोडून चिखलात कोण जातो, या गावाने चिखलाशिवाय दुसरे काय दिले, असे त्याने विचारले. त्याचे बोलणे खोटे नव्हते. त्याच्या बापाने दुसऱ्याच्या वावरात सालगडी म्हणून जन्म काढला; शेती या शब्दाला त्याच्या घरी अपमानाचा वास आहे. परभणीचे विद्यापीठ १९७२ मध्ये मराठवाड्याच्या शेतीसाठीच निघाले आणि वसमतला आता हळद संशोधन केंद्र आहे, हे आम्ही सांगू शकलो असतो. जिभेवर आलेही होते. पण तेही काटा मारणेच झाले असते, म्हणून गिळले. वडील तेवढे एकच बोलले, "आठवड्याला घरी येता यील का?" ती म्हणाली, "रोज न्हाई, पन यीन."

मुंबईची जागा सोडून दिली. सहाध्यायाला फोन करून खाट रद्द करताना आम्हाला जरा लाज वाटली. तो हसला आणि म्हणाला, "दुसरी कुणी असेल तर कळव."

यंदाच्या फेब्रुवारीत हळद उकडण्याचे काम चालू असताना ती दोन दिवसांसाठी गावी आली होती. वाफेने भरलेल्या खळ्यात उभी राहून तिने आम्हाला पहिल्या सत्राचा निकाल सांगितला. एक विषय राहिला आहे. इंग्रजीतून शिकणे जड जाते. बरण्या वसतिगृहात ठेवू देत नाहीत म्हणून आईकडेच आहेत. मामा अजून आमच्याशी नीट बोलत नाही. त्या दिवशी तो पोती शिवत बसला होता. विषय राहिल्याचे ऐकून त्याने आमच्याकडे नुसते पाहिले. आम्ही त्याच्या शेजारी पोत्यावर बसलो आणि मुलीच्या आईने दोघांनाही चहा दिला.